माळकरी मामांसोबत वायनरीत

शुक्रवार

पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा जातो. आपल्याकडील वाइनचा विषय निघाला की लोक थेट नाशिकचे नाव घेतात. पण १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाइन तयार केली ती नारायणगावात, आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात विकलीही गेली. त्यामुळे आम्ही नारायणगावात चहाला थांबलो तेव्हा, जी फेरी उद्या करायची आहे तिचे पहिले प्रकरण खरे तर इथलेच, एवढे यजमानांना सांगून टाकले. पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. सिन्नरच्या आसपास वाहनांची गर्दी होती आणि संध्याकाळी उशिरा आम्ही निफाड तालुक्यातील मामांच्या वस्तीवर पोहोचलो.

मामा द्राक्षबागाईतदार. थॉमसन सीडलेसची बाग, त्यातला बराचसा माल निर्यातीचा. त्याखेरीज ते माळकरी. आषाढीची वारी न चुकता करणारे. त्यामुळे वायनरी बघायला आम्ही दोघेच जाणार हे गृहीत होते. जेवताना मामांनीच विषय काढला. "जावईबापू, मी बी येतो उद्या. प्यायचं मात्र नाव काढायचं नाही. ज्या द्राक्षाला आपण बाजारात हात लावणार नाही, त्याला हे लोक मोठ्या बॅगा भरून पैसे का मोजतात, ते मला एकदा डोळ्यांनी बघू द्या." मामी हसून म्हणाल्या, "बघा हं, गळ्यातल्या माळेला वास लागायचा." मामांनी त्यावर भाकरीचा तुकडा मोडला आणि उत्तर दिले नाही.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा होता. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे आणि जानेवारीत पारा उतरला की इथल्या बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, कारण कडाक्याच्या थंडीत पक्व होत आलेल्या मण्यांना तडे जातात. वाइनच्या द्राक्षाला मात्र हीच रात्रीची थंडी उपकारक ठरते. दिवसा ऊन आणि रात्री गारठा असला की साखर वाढत असतानाही द्राक्षातील आम्लता पुरती उतरत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि इथे वाइनचा व्यवसाय रुजला त्याचे एक मोठे कारण हे हवामान आहे.

शनिवार

नाशिक शहर ओलांडून गंगापूर धरणाच्या दिशेने निघाले की सावरगावच्या बाजूला वायनऱ्यांच्या पाट्या दिसू लागतात. या भागाचे नाव देशभर गेले ते राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेतील नोकरी सोडून ते घरच्या जमिनीवर परतले, कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने त्यांनी सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जातींची लागवड केली, १९९९ मध्ये वायनरी उभी केली आणि पुढच्या वर्षी बाटल्या बाजारात आणल्या. आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी कंपनीला 'सुला' हे नाव दिले. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले, आणि मग दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत वायनऱ्या दिसू लागल्या. आम्ही ज्या वायनरीची फेरी घेतली ती याच पट्ट्यातील. नावात काही विशेष नाही. बहुतेक ठिकाणी फेरीचा क्रम हाच असतो.

फेरी सुमारे अर्ध्या तासाची आणि त्यानंतर चव घेण्याचा कार्यक्रम, अशी आगाऊ नोंदणी केली होती. दारात वयाचा पुरावा पाहिला गेला. मामांनी नुसत्या फेरीचे तिकीट मागितले तेव्हा खिडकीवरच्या मुलाने त्यांच्या टोपीकडे आणि माळेकडे पाहून आदराने विचारले, "काका, तुमच्यासाठी द्राक्षाचा रस चालेल ना?" आमच्या गटात मुंबईची काही तरुण मंडळी, एक सुरतेचे कुटुंब आणि आम्ही असे लोक होतो. माहिती देणारी मुलगी नाशिकचीच होती. तिने गट पाहून हिंदीत सुरुवात केली, पण मामांशी बोलताना ती आपसूक मराठीवर येई.

पहिला थांबा एका छोट्या दालनाचा, ज्याला तिथे संग्रहालय म्हणतात. लाकडी दाबयंत्र, वेगवेगळ्या काळातील बूच काढायची स्क्रू, ओक लाकडाच्या पिंपाचा उभा छेद, बाटल्यांचे आकार आणि भिंतीवर जगाचा नकाशा. जॉर्जियात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षमद्याचे अंश सापडले आहेत, असे तिने सांगितले, आणि तिथून नकाशावरचा तिचा हात इजिप्त, ग्रीस, रोम, फ्रान्स असा फिरून एकदम १९९० च्या दशकातील नाशिकवर आला. हा उडीचा इतिहास मला पटला नाही. आपल्या नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. भडोचच्या बंदरात इटलीची वाइन उतरत असे याची नोंद पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी वर्णनात आहे. आणि नाशिकच्याच पांडवलेण्यांत एक लेणे यवन, म्हणजे ग्रीक, दात्याने, इंद्राग्निदत्ताने, खोदवून घेतले आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्राक्षरसाच्या मद्याचा उल्लेख येतो आणि त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रकार येतात. यातले कापिशायन म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील कपिशा प्रदेशातले. हे सारे मांडायला एखादी काचपेटी पुरली असती. नाशिकला येणाऱ्या पाहुण्याला फ्रान्सच्या नकाशाइतकेच हेही पाहायला आवडेल, असे मी त्या मुलीला फेरी संपल्यावर सांगितले आणि तिने ते खरोखरच वहीत टिपून घेतले.

दालनातून बाहेर पडलो ते थेट माल उतरवण्याच्या ओट्यावर. सुगीचे दिवस असल्याने टेम्पो लागलेला होता आणि क्रेट उतरत होते. पहाटेच तोडणी करून ऊन चढायच्या आत माल आणतात, कारण तापलेले द्राक्ष वाटेतच आंबू लागते. निवडीच्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका पाने, कुजके मणी, वाळलेले देठ बाजूला काढत होत्या. पट्ट्याच्या शेवटी यंत्र मणी आणि देठ वेगळे करते आणि मणी फक्त फुटतील इतपतच दाब देते. बी चिरडली तर कडवटपणा उतरतो.

मामांनी परवानगी घेऊन क्रेटमधला एक घड उचलला. शिराझ या लाल वाइनच्या जातीचा होता. मणी काळेभोर, वाटाण्याहून जरासे मोठे, घड गच्च. त्यांनी एक मणी दोन बोटांत दाबला, साल चोळून पाहिली, तोंडात टाकला आणि बी तळहातावर काढून मोजली. "साल जाड, बी मोठी, गर कमी. असला माल आमच्या पॅकहाउसवाल्यानं दारातूनच परत धाडला असता." मग ते थांबले आणि म्हणाले, "पण गोडी काय आहे!" यापुढे जे झाले ते कोणत्याही फेरीच्या कार्यक्रमात नसेल. मामांनी खिशातून रसातली साखर मोजणारा आपला रिफ्रॅक्टोमीटर काढला. हंगामात तो त्यांच्या खिशात असतोच. निळसर काचेवर त्यांनी मण्याचा रस पिळला, झाकण दाबले, उजेडाकडे तोंड करून एक डोळा मिटला आणि आकडा सांगितला, "तेवीस." माहिती देणाऱ्या मुलीने सकाळच्या नोंदीचा तक्ता पाहिला, त्यातही ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचे माप, जवळपास तेवढेच होते. मुंबईच्या तरुणांनी तो रिफ्रॅक्टोमीटर हातोहात फिरवला आणि काचेतली निळी-पांढरी रेषा बघून घेतली.

मामांचा थॉमसन साधारण १८ ब्रिक्सच्या आसपास तोडणीला येतो. मणी लांबट आणि फुगीर व्हावा म्हणून त्याला जिबरेलिक ॲसिड या वाढसंजीवकात बुडवतात, घडातले मणी विरळ करतात, आणि एकरी दहा टनांचे उत्पन्न धरून सगळा हिशेब मांडतात. वाइनच्या द्राक्षाला यातले काहीच नको असते. मणी लहान राहिला म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणा व बराचसा गंध सालीतच असतो. म्हणून मुद्दाम घड कमी ठेवतात आणि एकरी उतारा निम्म्याहूनही खाली आणतात. "म्हणजे आम्ही पाणी विकतो आणि हे साल विकत घेतात," मामांनी निकाल दिला. मी आजवर वाइनविषयी जे वाचले त्यात इतके नेमके वाक्य क्वचितच आले असेल.

टाक्यांच्या दालनात गारठा होता. पोलादी टाक्यांभोवती थंड द्रव फिरवणारे आवरण असते आणि प्रत्येक टाकीवर तापमानाचा आकडा झळकत असतो. पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच वेगळी करून नुसता रस १२ ते १६ अंश सेल्सिअसला सावकाश आंबवतात. त्याने हलके, फुलाफळांचे गंध उडून जात नाहीत. लाल वाइन सालीसकट आणि अधिक उष्णतेला, साधारण २५ अंशांच्या पुढेमागे आंबते. साखरेचे मद्यार्कात रूपांतर होताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्याच्या जोराने सालींचा जाड थर वर तरंगून येतो, आणि रंग उतरावा म्हणून खालचा रस पंपाने उपसून त्या थरावर दिवसातून काही वेळा सोडावा लागतो. आम्हाला जिन्यावरून एका टाकीचे झाकण उघडून दाखवले. जांभळा, फेसाळ, सतत बारीक आवाज करणारा तो थर पाहून सुरतेच्या काकू दोन पायऱ्या मागे सरकल्या. आत वाकू नये अशी सूचना मिळाली ती योग्यच होती. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि बंदिस्त जागेत माणसाला गुदमरवून टाकतो.

इथे मामांनी विचारले, "तेवीस ब्रिक्सची किती टक्के होते?" हिशेब सोपा आहे. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की एक टक्का मद्यार्क तयार होतो, म्हणजे अशा रसाची वाइन १३ टक्क्यांच्या आसपास जाते. साखर संपली की यीस्ट आपोआप थंडावते. बाहेरून मद्यार्क घालावा लागत नाही. "द्राक्षासवासारखंच की," मामा म्हणाले, आणि ते अगदी बरोबर होते. वैद्यांच्या दुकानातील द्राक्षासवाच्या बाटलीवर त्यात आपोआप तयार झालेल्या मद्यार्काचे प्रमाण छापलेले असते आणि तो अनेक घरांत जेवणानंतर बिनदिक्कत घेतला जातो. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि त्यावरून राज्यभर गदारोळ उठला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या भाषणांत हा द्राक्षासव कोणाला आठवला असता तर चर्चेला थोडी रंगत आली असती. पुढे तो निर्णय अमलात आला नाही.

पिंपांच्या तळघरात फारसे थांबलो नाही. २२५ लिटरची ओकची पिंपे, फ्रेंच आणि अमेरिकन. आतून भाजलेली, त्यामुळे व्हॅनिला आणि धुराचा हलका गंध वाइनमध्ये उतरतो. एका पिंपात ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या. मंद दिवे, आणि प्रत्येकाने इथे छायाचित्र काढलेच. माझ्या मते अर्ध्या तासातला इतका वेळ या दालनाला देण्यापेक्षा लोकांना पाच मिनिटे बागेत न्यावे. खिडकीतून दिसणारी बाग हाताच्या अंतरावर होती आणि कार्यक्रमात ती नव्हती.

चव घेण्याच्या दालनात लांब टेबल, पांढरे कागदी आच्छादन आणि प्रत्येकापुढे पेला. पेला दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघायचा. मग फिरवायचा, हुंगायचा आणि शेवटी छोटा घोट घेऊन तो तोंडभर फिरवायचा. बाजूला थुंकण्यासाठी भांडे होते. त्याचा वापर आमच्या गटात फक्त यजमानांनी केला, कारण गाडी त्यांना चालवायची होती.

क्रमाने फसफसणारी, मग शेनिन ब्लाँ, सॉव्हिन्याँ ब्लाँ, गुलाबी झिनफँडेल, शिराझ आणि शेवटी गोड वाइन आली. शेनिन ब्लाँ किंचित गोडसर असते आणि पहिल्यांदा पिणाऱ्यांना तीच आवडते. सुरतेच्या काकांनी तिथल्या तिथे बाटल्यांची चौकशी केली. मला ती फार सौम्य वाटली. सॉव्हिन्याँ ब्लाँच्या वेळी छापील कागदावर गूसबेरी, ॲस्पॅरगस असे गंध लिहिले होते, जे टेबलावरच्या बहुतेकांनी कधी हुंगलेले नव्हते. मामा रसाचा पेला बाजूला ठेवून म्हणाले, "वास घ्यायला काही बंदी नाही. आण इकडे." त्यांनी माझा पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हिरवी ढोबळी मिरची, ताजी चिरलेली. आणि मागनं पेरू." त्या मुलीने मान डोलावली, ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारा पायराझिन गटातील पदार्थ या जातीच्या द्राक्षात असतोच. शिराझच्या पेल्यात त्यांना मिरी सापडली, आणि तीही खरी. काळ्या मिरीतील रोटंडोन हा पदार्थ शिराझच्या सालीत असतो. थेंबही न पिता मामा टेबलावरचे उत्तम चवपारखी ठरले. दिवसभर बागेत पान चुरगाळून, भुरीचा वास हुंगून रोग ओळखणाऱ्या नाकाला हे अवघड जाऊ नये.

शिराझविषयी माझी एक तक्रार. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा नियम युरोपातील थंड घरांसाठी आहे. फेब्रुवारीतल्या नाशिकच्या दुपारी ती तशीच दिली तर मद्यार्काची जळजळ पुढे येते आणि फळाचा गंध मागे राहतो. मी थोडा बर्फ मागवून बाटली त्यात दहा मिनिटे उभी करायला लावली; १६-१८ अंशांपर्यंत उतरल्यावर तीच वाइन करवंदाजांभळाच्या अंगाने मोकळी झाली. घरी ज्यांना शक्य असेल त्यांनी एवढे अवश्य करावे.

रविवार

बागेची राहिलेली फेरी मामांनी पुरी केली. त्यांच्या वस्तीपासून जवळच एका शेतकऱ्याने वायनरीशी करार करून शिराझ लावला आहे. तिथे पोहोचलो तेव्हा तोडणी दोन दिवसांवर आली होती आणि घडांच्या बाजूची पाने काढून टाकलेली होती.

मामांनी वाकून खोडाचा सांधा दाखवला. खाली डॉगरिज हा अमेरिकन वेलाचा खुंट, वर शिराझ. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, त्यानंतर अमेरिकन वेलाच्या मुळांवर युरोपीय जातीचे कलम करण्याची रीत पडली; आपल्याकडे हा खुंट मुख्यतः पाण्याचा ताण आणि खारवट जमीन सोसण्यासाठी वापरतात. दुसरी गोष्ट छाटणीची. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो आणि वर्षातून एकदा छाटला जातो. इथे तो झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी करून त्या काडीवर घड घ्यायचे. त्यामुळे युरोपात सप्टेंबरच्या सुमारास होणारी तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये येते. वायनरीत येणाऱ्या माणसाला ही एक गोष्ट कळली तरी पुढचे सगळे नीट लागते.

बागेच्या मालकांनी पैशाचे गणित सांगितले. कराराचा दर आधी ठरतो, त्यामुळे बाजार पडला तरी झोप उडत नाही. मणी फुगवण्याचा आणि विरळणीचा मजुरी-खर्च नाही. निर्यातीच्या मालासारखी डागाची भीती नाही. उलट दर चढले तर त्याचा लाभही नाही, आणि वायनरीने माल नाकारला तर हे द्राक्ष बाजारात कोणी विचारत नाही. ही भीती नुसती कल्पनेतली नाही. वाइनची लाट आली तेव्हा अनेकांनी या जाती लावल्या. २००८ नंतर मंदीत मागणी घसरली, माल पडून राहिला आणि पुष्कळ बागांवर कुऱ्हाड चालली. याच गृहस्थांच्या थोरल्या भावाचे पैसे एका कंपनीकडे अडकले होते आणि त्यांनी सगळी बाग उपटून पुन्हा थॉमसन लावला. धाकट्याने काही वर्षे थांबून, दुसऱ्या वायनरीशी लेखी करार करून, फक्त दोन एकरांत शिराझ ठेवला. "सगळा संसार एका वेलावर नाही टांगायचा, ताई," ते मला म्हणाले.

मामांचे लक्ष मात्र बांधावरच्या ढिगाकडे गेले होते. वायनरीत रस पिळून उरलेला सालीबियांचा चोथा हे शेतकरी परतीच्या टेम्पोने आणतात आणि शेणात कुजवून खत करतात. मामांनी तो हातात घेऊन चुरला, हुंगला, आंबटपणा किती दिवसांत जातो, चुना मिसळावा लागतो का, असे प्रश्न विचारले. आम्ही पुण्याला निघेपर्यंत त्यांचा पुढच्या हंगामासाठी एक ट्रॉली चोथ्याचा सौदा ठरत आला होता. वाहतुकीचे भाडे कोणी द्यायचे, एवढ्यावरच अडले होते.